तहान लागण्याआधीची विहीर

आजार झाला की विमा पैसे देतो. तो आजार होऊ नये म्हणून टोचून घेतलेल्या लशीचे पैसे मात्र बहुधा आपल्याच खिशातून जातात. असे का व्हावे? अमेरिकेत फ्लूच्या लशीचा खर्च विम्याच्या गळ्यात पडायला तेहतीस वर्षे लागली. त्या लांबलचक कहाणीत आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या कामाच्याही चार गोष्टी आहेत.

पावसाने जरा जोर धरला की घरोघरी शिंकांना सुरुवात होते. शाळेतून मूल सर्दी-ताप घेऊन येते. ते आईला देते, आई आजीला देते. मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि ते पुन्हा खेळायला पळते. आजीचा खोकला मात्र छातीत उतरतो. तिला मधुमेह असतो, दम्याचा जुना त्रास असतो. मग एखाद्या रात्री धावपळ करून तिला रुग्णालयात न्यावे लागते. दाखल करताना पहिला प्रश्न येतो, 'मेडिक्लेम आहे का?' असेल तर सगळ्यांच्या जिवात जीव येतो. पाच-सहा दिवसांचे बिल लाखाच्या घरात जाते, विमा कंपनी त्यातला मोठा वाटा उचलते आणि आजी घरी येते. विमा काढल्याचे सार्थक झाले, असे सारे म्हणतात.

याच आजीला मे महिन्यात फ्लूची लस टोचून घेतली असती तर? दीड-दोन हजारांच्या आसपास खर्च आला असता. दुखणे टळलेच असते अशी हमी कुणी देणार नाही. पण टळण्याची किंवा निदान सौम्य होण्याची शक्यता बरीच वाढली असती. आणि ते दीड-दोन हजार मागायला आपण विमा कंपनीकडे गेलो असतो तर 'हे पॉलिसीत बसत नाही' असे उत्तर मिळाले असते. लाख रुपये द्यायला तयार असलेली कंपनी दोन हजारांना नाही म्हणते. ऐकायला हे उफराटे वाटते. पण त्यामागे एक तर्क आहे. तो आधी नीट समजून घेतला पाहिजे.

विमा कशाचा?

विमा हा अनिश्चिततेचा सौदा असतो. गावातल्या शंभर घरांपैकी एखाद्याला आग लागणार हे ठाऊक असते. कोणत्या घराला लागणार ते ठाऊक नसते. म्हणून शंभर जणांनी थोडे थोडे पैसे एका ठिकाणी ठेवायचे आणि ज्याचे घर जळेल त्याला ते द्यायचे. ज्याचा खर्च आधीच ठरलेला आहे त्याचा विमा कसला? दर वर्षी दिवाळीला घराला रंग द्यायचाच असेल तर त्याचा 'विमा' काढणे म्हणजे आपलेच पैसे कंपनीच्या गल्ल्यातून फिरवून, तिची हमाली कापून, परत घेणे. फ्लूची लस दर वर्षी घ्यायची असते. विषाणू आपले रूप सतत बदलत असतो, म्हणून गेल्या वर्षीची लस या वर्षी पुरेशी होत नाही. म्हणजे खर्च ठरलेला, रक्कम लहान आणि दर वर्षीची. विमा शास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे पाहिले तर ही लस विम्याची धनी नव्हेच.

पण रंग आणि लस यांत एक मोठा फरक आहे. रंग दिल्याने आग लागायची थांबत नाही. लशीने आग लागण्याचा धोका कमी होतो. मग कंपनीने स्वतःच्या फायद्यासाठी तरी लशीचे पैसे का देऊ नयेत?

याचे उत्तर कराराच्या मुदतीत आहे. आरोग्य विम्याचा करार वर्षावर्षाचा असतो. आज पैसे एका कंपनीने खर्च करायचे आणि पुढच्या वर्षी ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला की त्याच्या निरोगीपणाचा फायदा त्या दुसरीला. शिवाय लस घेतलेल्या माणसाकडून शेजाऱ्याला होणारा संसर्गही कमी होतो; आणि तो शेजारी तर तिसऱ्याच कंपनीचा ग्राहक असतो! पेरणी एकाची, मळणी दुसऱ्याची. अशा शेतात बी टाकायला कोण पुढे येणार?

ज्या विम्यात करार दीर्घ मुदतीचा असतो तिथे नेमके उलट घडलेले दिसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या आयुर्विमा कंपनीने १९०९ साली आपल्या कामगारवर्गातल्या विमेदारांच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली. आजाऱ्याची शुश्रूषा करायची, बाळंतिणीची काळजी घ्यायची, घरच्यांना स्वच्छतेचे धडे द्यायचे, हे त्यांचे काम. कंपनीचा हिशेब सरळ होता. विमेदार जितकी वर्षे जास्त जगेल तितके हप्ते जास्त आणि मृत्यूचा दावा तितका लांब. ही सेवा चाळीसहून अधिक वर्षे, १९५३ पर्यंत चालली. म्हणजे प्रतिबंधाचे महत्त्व विमा कंपन्यांना कळत नाही असे नव्हे. तो कुणाच्या खात्यावर जमा होणार, हा खरा प्रश्न आहे.

सल्ला १९६०चा, पैसे १९९३चे

फ्लूची लस काही आजकालची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी मिशिगन विद्यापीठात थॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास साल्क यांनी तिच्यावर काम केले. हेच साल्क पुढे पोलिओच्या लशीमुळे जगाला माहीत झाले. १९४५ साली ही लस सैनिकांना टोचली जाऊ लागली. १९५७ मध्ये 'एशियन फ्लू'ची साथ जगभर पसरली. तिचा धडा घेऊन १९६० साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वृद्ध माणसांनी आणि जुनाट आजार असलेल्यांनी दर वर्षी ही लस घ्यावी, अशी शिफारस केली.

पाचच वर्षांनी, जुलै १९६५ मध्ये, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठीचा हा सरकारी आरोग्य विमा. आता वृद्धांना लस फुकट मिळणार, असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. आजाराचे किंवा इजेचे निदान आणि उपचार यांसाठी जे आवश्यक असेल त्याचेच पैसे मेडिकेअर देणार, असे कायद्याने म्हटले होते. निरोगी माणसाच्या दंडात टोचलेली सुई ना निदानात बसत होती, ना उपचारात. सरकारच्याच एका खात्याने सांगायचे, 'लस घ्या'. आणि सरकारच्याच दुसऱ्या खात्याने म्हणायचे, 'पैसे तुमचे तुम्ही पाहा'!

कोंडी फुटायला सुरुवात झाली ती १९८१ मध्ये, न्यूमोनियाच्या एका लशीपासून. त्या लशीचा खर्च मेडिकेअरने उचलायचे ठरले. फ्लूच्या लशीची पाळी आली तेव्हा मात्र अमेरिकी काँग्रेसने सावध पवित्रा घेतला. आधी प्रयोग करून पाहा, तिजोरीला हे परवडते का ते दाखवा, असे १९८७च्या कायद्यात लिहिले गेले. त्याप्रमाणे १९८८ ते १९९२ अशी चार वर्षे देशातल्या निवडक भागांत मेडिकेअरच्या पैशांनी लस देऊन हिशेब मांडला गेला. लशीवरचा खर्च तिच्या फायद्याच्या मानाने योग्य ठरतो, असे दिसले. अखेर १ मे १९९३ पासून मेडिकेअरमधल्या प्रत्येकाला फ्लूची लस विनामूल्य झाली. वजावट नाही, पदरचा हिस्सा नाही. सल्ला १९६० मध्ये, पैसे १९९३ मध्ये. मधली तेहतीस वर्षे ज्याला परवडले त्याने लस घेतली. ज्याला परवडले नाही त्याने नशिबावर हवाला ठेवला.

फरक पडला का? १९८९ मध्ये अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्या माणसांपैकी सुमारे ३३ टक्के जण ही लस घेत असत. १९९७ मध्ये हे प्रमाण ६३ टक्क्यांवर गेले. त्याच सुमारास, १९९४ मध्ये, मिनेसोटातल्या वृद्धांचा एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या दर माणसामागे वर्षाला सरासरी ११७ डॉलरची थेट बचत होते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे काही संशोधकांनी त्यावर रास्त शंका काढली. लस घेणारी माणसे मुळातच प्रकृतीला जपणारी असतात, तेव्हा सगळे श्रेय लशीला देऊ नका, असे त्यांचे म्हणणे. ते धरून चालावे. विषाणूशी लशीचा मेळ चांगला बसलेल्या वर्षी फ्लूमुळे डॉक्टरकडे जाण्याची वेळ चाळीस ते साठ टक्क्यांनी टळते, असे अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र सांगते. ही काही अभेद्य ढाल नव्हे. पण भर पावसात छत्री नाकारण्याइतकी ती कुचकामीही नाही.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

कायद्याने 'फुकट' म्हटले म्हणून दवाखान्यात ते फुकट होतेच असे नाही. बिल कसे लिहिले जाते यावर पुष्कळ काही ठरते. अमेरिकेतल्या लशीच्या बिलाला साधारण दोन ओळी असतात. एक लशीच्या औषधाची, दुसरी ती टोचण्याच्या कामाची. दोन्हींना सांकेतिक क्रमांक असतात. ज्येष्ठांसाठीच्या जादा मात्रेच्या लशीला वेगळा क्रमांक. टोचण्याला खासगी विम्यात एक क्रमांक आणि मेडिकेअरमध्ये 'जी ०००८' हा दुसराच. शिवाय माणूस कशासाठी आला होता याचाही संकेत लागतो. लसीकरणासाठी आला असेल तर 'झेड २३'. यातला एखादा क्रमांक चुकला की विमा कंपनीचा संगणक बिल परत पाठवतो आणि महिन्याभराने निरोगी माणसाच्या घरी मागणीचे पत्र येते.

त्यापेक्षाही नेहमी घडणारा प्रकार निराळा आहे. लस घ्यायला गेलेला माणूस सहज म्हणतो, 'डॉक्टर, आलोच आहे तर गुडघाही बघा.' डॉक्टर गुडघा बघतात, चार प्रश्न विचारतात, गोळी लिहून देतात. लस फुकटच राहते; पण गुडघ्याची तपासणी ही स्वतंत्र भेट म्हणून बिलात चढते आणि तिला वजावट लागू होते. वजावट म्हणजे वर्षातली जी पहिली रक्कम विमेदाराने स्वतः भरायची असते ती. कोंबडी फुकट मिळाली, मसाल्याचे पैसे पडले! यात बेकायदा काही नाही. लशीसाठी आलात की गुडघ्यासाठी, एवढाच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर रुग्णाला नकळत त्याच्याच तोंडून गेलेले असते. तिसरी अडचण जागेची. विमा कंपनीशी करार नसलेल्या दवाखान्यात लस घेतली तर ती फुकट देण्याचे बंधन बहुतेक वेळा उरत नाही.

या कागदी जंजाळावर मेडिकेअरने काढलेला तोडगा मोठा शहाणपणाचा आहे. चर्चच्या सभागृहात, बाजारात किंवा वृद्धांच्या मंडळात एकाच दिवशी शेकडो जणांना लस टोचायची असेल तर प्रत्येकाचा वेगळा अर्ज भरत बसायचे नाही. एकच अर्ज आणि त्याला जोडलेली नावांची यादी, एवढ्यावर पैसे मिळतात. शाळेतल्या हजेरीपटासारखीच ही पद्धत. पैसे द्यायचे ठरवणे ही निम्मी लढाई असते. ते सुखासुखी मिळतील अशी व्यवस्था लावणे ही उरलेली निम्मी.

लशीच्या किमतीत आणखी एक चिमुकली रक्कम दडलेली असते. तिची कहाणी १९७६ सालची आहे. त्या वर्षी न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर डुकरांतल्या फ्लूशी साम्य असलेला विषाणू सापडला, एक सैनिक दगावला आणि अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी साऱ्या देशाला लस टोचण्याचा कार्यक्रम जाहीर केला. तेव्हा विमा कंपन्यांनी सरळ पाठ फिरवली. कोट्यवधी लोकांपैकी कुणाला बाधा झाली आणि लस बनवणाऱ्यांवर दावे लागले तर ती जोखीम आम्ही घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. शेवटी ऑगस्टमध्ये खास कायदा करून सरकारने ती जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली. चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली गेली. भाकीत केलेली साथ आलीच नाही. मात्र गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या दुर्मीळ आजाराचे रुग्ण लस घेतलेल्यांत जास्त दिसू लागले आणि डिसेंबरमध्ये कार्यक्रम थांबवावा लागला. त्या अनुभवातून आणि नंतरच्या दाव्यांतून शहाणे होऊन १९८६ साली अमेरिकेने लशीच्या बाधेसाठी भरपाईचा कायदा केला. फ्लूच्या लशीचा त्यात २००५ मध्ये समावेश झाला. नेहमीच्या लशीच्या प्रत्येक मात्रेवर ७५ सेंट कर बसतो आणि त्या निधीतून बाधितांना भरपाई मिळते. हाही एक विमाच. पण तो कंपनीने नव्हे, समाजाने उतरवलेला.

समितीच्या शब्दावर टांगलेला हक्क

पासष्टीच्या आतल्या अमेरिकनांना मात्र २०१०पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी योगायोगाने दोन गोष्टी जुळून आल्या. फेब्रुवारीत तिथल्या लसीकरण सल्लागार समितीने सहा महिन्यांपुढच्या प्रत्येकाने दर वर्षी फ्लूची लस घ्यावी, अशी शिफारस केली. मार्चमध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या आरोग्य कायद्यावर सही झाली. या समितीने शिफारस केलेल्या लशी खासगी विमा कंपन्यांनी विमेदाराकडून एक पैसाही न घेता दिल्या पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. २०१०च्या आधीपासून जशाच्या तशा चालत आलेल्या काही जुन्या योजना तेवढ्या यातून सुटल्या.

वर्षावर्षाच्या कराराची जी अडचण आपण आधी पाहिली, तिची गाठ या कायद्याने कशी सोडवली ते लक्षात घेण्यासारखे आहे. एकट्या कंपनीने लशीचे पैसे दिले तर ती तोट्यात; सगळ्यांनीच दिले तर कुणीच तोट्यात नाही. आज माझा ग्राहक तुझ्याकडे गेला तर उद्या तुझा माझ्याकडे येईल, आणि दोघेही लस टोचलेले असतील. बाजाराला जे जमले नाही ते एका कलमाने साधले. ही लस कंपनी खरोखर फुकट देते असे मात्र नव्हे. तिची किंमत सगळ्यांच्या हप्त्यांत वाटली गेलेली असते.

पण या हक्काचा खुंटा समितीच्या शब्दात रोवलेला आहे. समितीच डळमळली तर? २०२५च्या जूनमध्ये हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी धाकटे यांनी या समितीच्या सर्वच्या सर्व १७ सदस्यांना काढून नवी माणसे नेमली. त्याच महिन्यात नव्या समितीने फ्लूच्या लशीची शिफारस कायम ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही फुकट प्रतिबंधक सेवांच्या तरतुदीसंबंधीच्या एका खटल्यात ती तरतूद टिकवून धरली. सप्टेंबरमध्ये विमा कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केले की, १ सप्टेंबर २०२५ रोजी शिफारशीत असलेल्या लशींचा खर्च २०२६ अखेरपर्यंत सदस्य कंपन्या उचलत राहतील. ग्राहकांना दिलासा मिळाला खरा. तरीही जो हक्क शिफारशीवर उभा आहे तो शिफारशीबरोबर हलू शकतो, ही गोष्ट त्या उन्हाळ्याने अनेकांच्या लक्षात आणून दिली.

पुण्यातला ऑगस्ट आणि आपला मेडिक्लेम

आता आपल्या अंगणात येऊ. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. या साथीतला तो भारतातला पहिला बळी. त्यानंतरचे दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. शाळा बंद, तोंडावर रुमाल, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लांबच लांब रांगा. नमुने तपासायला जात होते ते पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून जन्मलेली ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्लू पाहणीच्या जाळ्यातले भारताचे केंद्र आहे. पुढच्या वर्षाच्या लशीत विषाणूचे कोणते प्रकार घालायचे हे अशाच केंद्रांच्या माहितीवरून दर फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात ठरते. जुलै २०१० मध्ये पुण्याच्याच सिरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची स्वाइन फ्लूची लस बाजारात आणली. विषाणू ओळखणारे पुण्यात, लस बनवणारे पुण्यात; लशीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला.

आपला मेडिक्लेम जन्मला १९८६ साली. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांनी तो बाजारात आणला. त्याचा पायाच रुग्णालयात दाखल होण्यावर घातलेला होता. निदान चोवीस तास रुग्णालयात राहा, मग पैसे मागा. काय मिळणार नाही याची जी यादी पॉलिसीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत असे, तिच्यात लसीकरणाचा नावानिशी उल्लेख असायचा. कुत्रा चावल्यावरचे इंजेक्शन तेवढे बऱ्याच पॉलिसींत चाले, कारण चावा हा अपघात. त्यानंतर विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, पॉलिसींची नावे बदलली, रंगीत पत्रके आली. पण हा साचा मोठ्या प्रमाणात तसाच राहिला. काही नव्या पॉलिसींत जादा हप्ता भरून दवाखान्याचा बाहेरचा खर्च मिळतो आणि त्यात कधी लसही बसते. बाळंतपणाचा खर्च देणाऱ्या काही पॉलिसींत नवजात बाळाच्या लशी असतात. साठी उलटलेल्या माणसाच्या फ्लूच्या लशीची सोय मात्र अपवादानेच दिसते.

आपल्याकडे प्रतिबंधाची दुसरी, आणि फार चांगली, परंपरा आहे. ती विम्याची नव्हे, सरकारची. सार्वत्रिक लसीकरणाच्या कार्यक्रमात पोलिओ, गोवर, घटसर्प यांच्या लशी आपल्या मुलांना सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. ना बिल, ना दावा, ना सांकेतिक क्रमांक. फ्लूची लस त्या यादीत नाही. २०१५ मध्ये स्वाइन फ्लूने राज्यात पुन्हा डोके वर काढले तेव्हा महाराष्ट्र शासनाने गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांना ही लस सरकारी रुग्णालयांतून मोफत द्यायचे ठरवले. मनात आणले तर काय करता येते, हे त्या निर्णयाने दाखवून दिले. २०२१ मध्ये करोनाच्या लशीने ते आणखी ठळकपणे दाखवले. सरकारी केंद्रांत ती फुकट होती. खासगी रुग्णालयांत कोविशील्डची कमाल किंमत ७८० रुपये ठरवून दिली होती आणि त्यात टोचण्याचे जास्तीत जास्त १५० रुपये धरलेले होते. लशीचे किती आणि सुईचे किती, हे साध्या माणसालाही कळत होते. फ्लूच्या लशीच्या बिलात ते आजही कळावे अशी अपेक्षा काही फार मोठी नाही.

आई-बाबा अमेरिकेला निघाले की

मुला-मुलींकडे अमेरिकेला सहा-सहा महिने जाणारे आई-बाबा आता आपल्या गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी या दोन जगांची गाठ पडते आणि गोंधळ होतो. मुलाच्या घरात सर्वांना लस फुकट. मग आपल्यालाही असेल, असे त्यांना वाटते. तसे नसते. प्रवासासाठी काढलेला विमा हा अचानक आलेल्या दुखण्याचा असतो. प्रतिबंधक लस त्यात सहसा बसत नाही आणि जुने आजार तर अनेकदा वगळलेलेच असतात. मुलाच्या नोकरीतल्या विम्यात त्याची बायको-मुले येतात. आई-वडील सहसा येत नाहीत. ग्रीन कार्ड घेऊन कायमचे राहायला गेलेल्यांनाही पासष्टी ओलांडल्यावर मेडिकेअरचा हप्ता भरून त्यात शिरायचे असेल तर साधारणतः सलग पाच वर्षे तिथे राहिलेले असावे लागते.

वेळापत्रकही जुळत नाही. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून इथे लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी. अमेरिकेत तो थंडीत असतो आणि लस सप्टेंबर-ऑक्टोबरात टोचतात. टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा दिवाळीच्या सुमारास तिकडे पोचणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच सोय केलेली बरी. तिथेच घ्यायची वेळ आली तर अनेक ठिकाणची सरकारी आरोग्य केंद्रे विमा नसलेल्यांना स्वस्तात किंवा फुकट लस देतात. औषधाच्या दुकानातही ती रोखीने मिळते. मात्र सुई टोचण्याआधी एकूण किंमत विचारावी. ज्येष्ठांसाठीची जादा मात्रेची लस साध्या लशीपेक्षा बरीच महाग असते.

घरचा हिशेब

इथे राहणाऱ्यांनी काय करावे? पहिले म्हणजे आपल्या पॉलिसीची मागची पाने वाचावीत. 'काय मिळत नाही' ते आजार आल्यावर वाचण्यापेक्षा आधी वाचलेले केव्हाही चांगले. दुसरे, नोकरीच्या ठिकाणी सामूहिक विमा असेल तर व्यवस्थापनाला विचारावे. वर्षातून एकदा कामगारांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी लशीचे शिबिर भरवणे कित्येक कंपन्यांना जड नाही. कामावरचे खाडे वाचले तर त्याचा फायदा मालकालाच होतो, आणि तो वर्षाच्या आतच होतो. हाउसिंग सोसायट्या आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांनाही हे करता येईल. पन्नास जण एकदम आले तर डॉक्टर दर कमी करतात, असा व्यवहाराचा साधा नियम आहे. तिसरे, बिलावर लशीची किंमत आणि टोचण्याची फी वेगवेगळी लिहून घ्यावी. वेष्टनावर छापलेली किंमत पाहावी आणि लशीचे नाव, तारीख व बॅच क्रमांक टिपून ठेवावा.

विमा नियामकाकडे आणि शासनाकडे मागण्यासारखे मात्र एवढ्यावर संपत नाही. साठीपुढच्या विमेदारांसाठी वर्षाला एक फ्लूची लस प्रत्येक आरोग्य पॉलिसीत सक्तीची करता येईल. एका कंपनीला जे परवडत नाही ते सर्वांना सारखे लागू केले की परवडते. आणि ज्यांच्याकडे विमाच नाही त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्याचे दार आहेच. २०१५ मध्ये जोखमीच्या गटांसाठी ते उघडले होते. यासाठी नवे शास्त्र शोधायचे नाही, नवी लस बनवायची नाही. पुण्यात विषाणू ओळखला जातो, लस बनते. राहता राहिला तो पैसे कुणी द्यायचे याचा निर्णय.

अमेरिकेला तो घ्यायला तेहतीस वर्षे लागली आणि श्रीमंत देशाला ती परवडली. आपल्या घरातल्या सत्तरीच्या आजीकडे तेवढी वर्षे नाहीत. सरकारने आणि कंपन्यांनी विहीर खणायला घेईपर्यंत तिने तहानेले बसून राहावे, असे कोणताही मुलगा म्हणणार नाही. येत्या मे महिन्यात घराच्या खर्चाच्या यादीत शाळेच्या वह्या, पावसाळी चपला आणि छत्र्या यांच्या शेजारी आणखी एक ओळ लिहावी: आजीची लस. आणि पैसे दिल्यावर ती पावती विमा कंपनीला जरूर पाठवावी. ती नामंजूर होऊन परत येईल; पण अशा हजारो पावत्या एका वर्षात परत पाठवाव्या लागल्या, तर नियम बदलण्याचा विचार कुणाच्या तरी मनात येईल.